अजिंठ्यात भरलेली चित्रशाळा

मंडळी, आपण आज हिवरा आश्रमात जमलोय. इथल्या बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडली की अजिंठा फार लांब नाही. जुन्या उस्तादाची नक्कल करून चित्रकला शिकायची, ही रीत आपण युरोपची समजतो. पण तिची एक मोठी शाळा याच लेण्यांत भरली होती.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तेव्हा मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पाहून हात बसवत. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स त्यांना अजिंठ्याला नेऊ लागले. काम अधूनमधून १८८५पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच.

सतराव्या लेण्यातला विश्वंतर घ्या. दानापायी हद्दपार झालेला राजपुत्र बायकामुलांसह रथातून बाजारपेठेतून निघालाय, दुकानदार बघतायत. एका बाजूनं उजेड, दुसरीकडे सावली, हा प्लास्टरवर शिकलेला हिशेब इथं चालत नाही. आकार रेषेनं उभा राहतो. शिवाय चित्राला चौकट नाही, प्रसंगातून प्रसंग निघतो. मग कॅनव्हास कुठं तोडायचा? आमच्या मते खरं शिक्षण इथंच होतं.

त्याची किंमत मात्र भिंतींनी मोजली. रंग उठून दिसावेत म्हणून फासलेलं वार्निश पुढं पिवळं पडलं. आणि नकला? रॉबर्ट गिलच्या आधीच्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या; या विद्यार्थ्यांच्याही कितीतरी १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवरून गळून गेलेले काही तुकडे आता त्यांच्यातच दिसतात.