फ्लॉपी गेली, पियानो राहिला

दळण-कांडण, धारा-पाणी उरकून रेडिओ लावून बसला असाल. आज मी बचतीचा हिशेब सांगणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही बोलणार नाही. आज एका वाद्याचा इतिहास सांगणार आहे. आपल्यातल्या बहुतेकींनी ते सिनेमातच पाहिलं असेल. त्याचं नाव पियानो, आणि तोही साधा नाही, आपोआप वाजणारा.

तुम्ही म्हणाल, बाई, आपला आणि पियानोचा काय संबंध? सांगते.

आमच्या गटाच्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एकवीस कॅसेट आहेत. आमच्या वाडीतल्या एका आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या तिच्या नातवानं टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या होत्या. आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात आम्ही एक कॅसेट लावली, तर टेपरेकॉर्डरनं फीत गुंडाळून खाल्ली. पेन्सिल घालून मी ती हळूहळू सोडवली, पण छातीत धस्स झालं. रात्री फोनवर शोधत बसले की जुन्या कॅसेट कशा वाचवायच्या. शोधता शोधता एक व्हिडिओ समोर आला. एक माणूस पियानोखाली आडवा पडून त्याच्यातला फ्लॉपीचा खण बाहेर काढत होता. त्याच्या जागी त्यानं एक छोटी डबी बसवली, तिच्यात पेनड्राइव्ह खोचला, आणि पियानोच्या पट्ट्या आपोआप खालीवर होऊ लागल्या. समोरच्या बाकावर कुणीच नव्हतं. माझी सासू बघून म्हणाली, "अगं, भूत बसलंय की काय?"

भूत नव्हतं. त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास होता. तो वाचता वाचता मला आमच्या कॅसेटचं उत्तर सापडलं. म्हणून हा विषय.

गोष्ट सुरू होते मागावर. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑ शहरात जोसेफ जॅकार्ड नावाच्या माणसानं असा माग बनवला, की पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून ठेवायची आणि भोकांप्रमाणे धागे उचलले जाऊन नक्षी विणली जायची. आपल्या येवल्यातही काही मागांवर जॅकार्ड बसवलेलं असतं. भोक आहे तिथे धागा वर, भोक नाही तिथे धागा खाली. नक्षी विणकराच्या डोक्यातून पुठ्ठ्यावर उतरली.

पुढे लोकांना सुचलं की भोकांनी धागा उचलता येतो, तर सूर का वाजवता येऊ नये? १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात एडविन व्होटी यांनी एक कपाटासारखी पेटी बनवली. तिचं नाव पियानोला. ही पेटी पियानोसमोर ढकलून ठेवायची. तिला लाकडी बोटं होती आणि बोटांच्या टोकाला मऊ नमदा लावलेला होता. आत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरायची, तिला रोल म्हणत. खाली पायानं भाता हलवायचा.

आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी आजी-आजोबांनी पाहिली असेल. पाय हलवले की हवा, हवा आली की सूर. पियानोलातही पायच हलवायचे, फक्त इथे भाता हवा ओढून घ्यायचा. कागदातलं भोक योग्य जागी आलं की तिथून हवा आत शिरायची, एक झडप उघडायची आणि लाकडी बोट पट्टीवर पडायचं. पुढे काही वर्षांत ही सगळी यंत्रणा पियानोच्या पोटातच बसवू लागले.

हा प्रकार अमेरिकेत फार चालला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त आपोआप वाजणारे होते. घरात कुणाला वाजवता येत नसलं तरी संध्याकाळी गाणं व्हायचं.

पण सुरुवातीलाच घोळ झाला. प्रत्येक कंपनीचा रोल वेगळा. कुणाचा ५८ सुरांचा, कुणाचा ६५, कुणाचा ८८. एका कंपनीचा रोल दुसरीच्या पियानोवर चालेना. आपल्याकडे प्रत्येक मोबाईलचा चार्जर वेगळा असायचा, तशी गत. शेवटी डिसेंबर १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात कारखानदार एकत्र बसले आणि ठरवलं की ८८ सुरांच्या रोलमध्ये एका इंचात ९ भोकांचं माप सगळ्यांनी पाळायचं. त्या एका ठरावामुळे कुणाचाही रोल कुणाच्याही पियानोवर वाजू लागला. आज शंभर वर्षांनीही तो वाजतो. मैत्रिणींनो, हे माप लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा होता. गाणं रचणाऱ्याला काय मिळायचं? काहीच नाही. रोल विकून कंपनी कमवायची. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०८ मध्ये न्यायालय म्हणालं की रोल हा यंत्राचा भाग आहे, ती गाण्याची नक्कल धरता येणार नाही. भोकं बघून माणसाला गाणं वाचता येत नाही ना! रचनाकार हरले. पण ओरड झाली आणि १९०९ मध्ये कायदाच बदलला. एका रोलमागे रचनाकाराला २ सेंट द्यायचे ठरले. रक्कम किरकोळ, पण ज्यानं गाणं घडवलं त्याचा त्यात हक्क आहे, हे कायद्यानं मान्य केलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. १९०४ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात वेल्टे कंपनीनं नवा प्रकार काढला, वेल्टे-मिन्यो. आधीच्या रोलमध्ये कोणता सूर कधी वाजवायचा एवढंच असे. यात वाजवणाऱ्यानं कुठे हळू दाबलं, कुठे जोरात, तेही टिपलं जायचं. व्हेनेझुएलात जन्मलेल्या तेरेसा कारेन्यो नावाच्या थोर पियानोवादक बाई होत्या. १९०५ मध्ये त्यांनी वेल्टेसाठी वाजवून ठेवलं. १९१७ मध्ये त्या वारल्या. पण तो रोल चांगल्या पियानोवर चढवला की त्यांनी दिलेला भार, त्यांनी घेतलेला थांबा, आजही खऱ्या तारांवर वाजतो.

मग रेडिओ आला, चांगली ग्रामोफोनची तबकडी आली, १९२९ ची मंदी आली. रोलचा धंदा बसला.

सत्तरच्या दशकात कागदाऐवजी कॅसेट आली. १९७८ मध्ये पियानोकॉर्डर नावाची यंत्रणा बाजारात आली. तिच्या कॅसेटवर पियानोला द्यायच्या सूचना भरलेल्या असायच्या. पुढे १९८७ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीनं अमेरिकेत डिस्कलाव्हियर नावाचा पियानो विकायला आणला. प्रत्येक पट्टीखाली विजेवर चालणारं चुंबक, आणि वाजवणाऱ्याची बोटं टिपायला प्रकाशावर चालणारे डोळे. सगळं साठवायचं साडेतीन इंची फ्लॉपीवर.

ही फ्लॉपी केवढीशी! पियानोवाली फ्लॉपी ७२० केबीची. आज मोबाईलच्या कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटोही बहुधा तिच्यात मावणार नाही. मग इतकी गाणी कशी मावायची? कारण फ्लॉपीत आवाज नव्हताच, सूचना होत्या. लेकीला पुरणपोळी पाठवायची तर डबा लागतो. पुरणपोळीची कृती पाठवायची तर पोस्टकार्ड पुरतं. फ्लॉपीत कृती होती: अमुक पट्टी, अमुक वेळी, अमुक जोरानं. पोळी पियानो स्वतः करायचा.

ही कृती लिहायची भाषाही आधी प्रत्येक कंपनीची वेगळी होती. १९८३ मध्ये अमेरिकेतली सिक्वेन्शियल आणि जपानची रोलँड या कंपन्यांची वाद्यं जाहीर प्रदर्शनात तारेनं एकमेकांना जोडून दाखवली गेली. त्या सामायिक भाषेचं नाव मिडी. ती कुणीही फुकट वापरावी, असं ठरलं. पुन्हा बफेलोचाच धडा. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल २०१३ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला.

आता त्या व्हिडिओकडे येऊ. पियानो चांगला जपला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तारा जुळवायच्या, नमदा बदलायचा, ओल लागू द्यायची नाही, की झालं. फ्लॉपीचं तसं नाही. सोनी कंपनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. जुन्या फ्लॉपीला बुरशी येते, खणाचा पट्टा ढिला होतो. मग लाखमोलाचा पियानो धडधाकट असून मुका होतो.

त्यावर लोकांनी तीन वाटा काढल्या. पहिली वाट स्वस्त: फ्लॉपीचा खण काढून तशाच आकाराची डबी बसवायची. तिच्यात पेनड्राइव्ह लावला की पियानोला वाटतं फ्लॉपीच आली. एका पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉपींचा ऐवज राहतो. दुसरी वाट: पियानोमागे मिडीचं भोक असतंच, त्यात तार लावून मोबाईल किंवा टॅबलेटवरून गाणी पाठवायची. तिसरी वाट खर्चाची: जुनी नियंत्रणपेटी काढून नवी बसवायची. यामाहानं स्वतः जुन्या पियानोंसाठी अशी पेटी विकली. तिन्ही वाटांत पियानोला धक्का लागत नाही. फक्त त्याला हुकूम देणारा भाग बदलतो.

यात एक गंमत आहे. बाहेरून सूचना पाठवली की डिस्कलाव्हियर अर्धा सेकंद थांबून वाजवतो. का? हळू वाजवायच्या सुराची हातोडी सावकाश जाते, जोराच्या सुराची झपकन पोचते. दोघी एकदम निघाल्या तर ताल चुकेल. म्हणून तो अर्धा सेकंद घेतो आणि हळू जाणारीला आधी सोडतो. सगळ्या वेळेवर पोचतात. दिंडीत म्हाताऱ्या बायांना पहाटे आधी चालायला लावतात, तसंच की!

जाणकार एकच बजावून सांगतात. खण काढण्याआधी, जोवर तो थोडाफार चालतोय तोवर, जुन्या फ्लॉपींची नक्कल करून घ्या. यामाहाच्या सुरुवातीच्या फ्लॉपी त्यांच्या स्वतःच्या भाषेत होत्या, त्या सर्वसामान्य मिडीत बदलून ठेवा. काही विकतच्या फ्लॉपींना कुलूप असतं, त्यांची साधी नक्कल होत नाही. उशीर केला की गेलंच. कागदी रोलचंही असंच काम चालू आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१४ मध्ये डेनिस कॉन्डन नावाच्या संग्राहकाचे साडेसात हजारांहून जास्त रोल घेतले आणि त्यांची चित्रं काढून ते संगणकावर उतरवायला घेतले.

आता आपली पत्र्याची पेटी. इथे एक फरक आहे, आणि तो मला रात्रभर टोचत होता. तेरेसाबाई गेल्या तरी पियानो राहिला, म्हणून नुसती कृती पुरली. आमच्या आजीच्या ओव्यांचं तसं नाही. शब्द वहीत उतरवता येतील. पण ती ओळीच्या शेवटी जो सूर लांबवायची, मध्येच जात्याचा खुंटा दुसऱ्या हाताला घेताना तिचा श्वास अडायचा, ते कोणतं यंत्र वाजवणार? आजीचं वाद्य म्हणजे आजीचा गळा. ते वाद्य गेलं. राहिलीय ती फक्त फीत.

अमेरिकेत १९०६ मध्ये जॉन फिलिप सूझा नावाच्या बँडवाल्यांनी लिहिलं होतं की यंत्रं गाऊ लागली तर माणसं गाणं सोडतील. आपल्याकडे गिरणी आली आणि जातं थांबलं. मी गिरणीला दोष देणार नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईच्या खांद्याला विचारा. पण जात्याबरोबर ओवीची वेळही गेली, हेही खरं. म्हणूनच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ऐकता येतात, गाणारणीच्या नाव-गावासह.

तर आमच्या गटानं बैठकीत असं ठरवलं. बुरशी लागलेली कॅसेट आधी लावायची नाही, जाणकाराला दाखवायची. बाकीच्यांच्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन्ही प्लॅस्टिकच्या कळ्या मोडायच्या, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून, डोकं पुसून, तार लावून संगणकावर आवाज उतरवायचा. तो सगळीकडे चालतो अशा साध्या प्रकारात ठेवायचा, वेव्ह किंवा एमपी३. बफेलोचं माप आठवतंय ना? नक्कल एक नाही, तीन: एक गटाकडे, एक रेडिओ केंद्राकडे, एक आजीच्या घरी. प्रत्येकीवर नाव, गाव, साल. आणि रेडिओवर लावण्याआधी आजीच्या लेकी-सुनांची परवानगी घ्यायची. ज्यानं गाणं घडवलं त्याचा हक्क, तो २ सेंटांचा कायदा, आपल्या ओवीलाही लागू धरायचा.

कालपर्यंत एकवीसपैकी सहा कॅसेट उतरवून झाल्या. एक पूर्ण गेली, तिच्यात नुसती खरखर आहे. चौथ्या कॅसेटमध्ये मध्येच आजी थांबते आणि नातवाला म्हणते, "बंद कर रे ते, वीज जळतीया." ते आम्ही कापलं नाही.

तुमच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत अशी कॅसेट असेल तर येत्या मासिक बैठकीला घेऊन या. चालते की नाही याची काळजी करू नका, फक्त उन्हात ठेवू नका. आणि घरात गाणारी म्हातारी असेल तर आजच तिच्याजवळ बसा. मोबाईल आपल्या हातात आहेच.

भेटू पुढच्या आठवड्यात. रामराम.