संगणकाच्या पिढ्या आणि कुलवृत्तान्ताची रीत

आपल्यापैकी बऱ्याच जुन्या घरांत कुलवृत्तान्ताची एखादी प्रत जपून ठेवलेली असते. त्यात पिढी मोजतात ती मूळपुरुषापासून; जन्मसालावरून नव्हे. म्हणूनच एखादा काका पुतण्याहून वयाने लहान निघाला तरी कोणाला नवल वाटत नाही. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पिढ्या लावताना मात्र हे तारतम्य सुटलेले दिसते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. स्मृती कोणाला किती द्यावयाची, कोणाचे काम आधी घ्यावयाचे, हे तो पाहतो. पाठ्यपुस्तकांतील रूढ वर्गवारी अशी : १९५५ पर्यंत निर्वात नलिकांची यंत्रे, कारभारी नाहीच, १९६५ पर्यंत ट्रान्झिस्टर आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने उरकलेली कामे, १९८० पर्यंत एकात्मिक मंडले आणि अनेकांनी एकाच वेळी वापरावयाची यंत्रे, पुढे घरगुती संगणक. वाड्याच्या बांधणीवरून कारभाऱ्याचे वय ठरवावे, तसा हा प्रकार आहे. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत नोव्हेंबर १९६१ मध्ये अनेकांना एकाच यंत्राचा आलटूनपालटून वापर करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली दाखविण्यात आली, ती आयबीएम ७०९ वर. आणि ते यंत्र निर्वात नलिकांचे होते! तिसऱ्या पिढीचा कारभारी पहिल्या पिढीच्या वाड्यात नांदत होता.

या कोष्टकाने आपल्या देशाचे तर फारच विचित्र चित्र उभे राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुमारे २७०० नलिकांचा ‘टिफ्रॅक’ १९६० साली कामास लागला. अमेरिकेत तेव्हा ट्रान्झिस्टरचे युग सुरू झाले होते. म्हणजे आपण एक पिढी मागे. पण १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आला, आणि चार वर्षांत आपण पुढच्या पिढीत दाखल! पिढ्या अशा चार वर्षांत बदलत नसतात. येथे बदलली ती यंत्रखरेदी.

आमच्या दिलसुखनगरात १९९८-९९ च्या सुमारास जे दिसले, त्याने तर हे कोष्टक पार मोडीत निघाले. विजयवाड्याच्या रस्त्याला लागून संगणकवर्गांच्या पाट्यांवर पाट्या होत्या. ‘वाय-टू-के’च्या धास्तीने परदेशात जुन्या कोबोल आज्ञावल्या तपासणारी माणसे हवी होती, म्हणून एका खोलीत १९७४ च्या एमव्हीएसचे धडे, तर शेजारी विंडोज एनटीचे. या मुलांना कोणत्या पिढीचे म्हणावयाचे? ‘जुने’ शिकलेल्यालाही तेव्हा परदेशाची वाट मोकळी होती, हे आम्हांला विसरवत नाही.

यास्तव आम्ही वंशाचा आधार घेऊ इच्छितो. आयबीएमच्या घराण्यात ओएस/३६०, तिच्यातून एमव्हीएस आणि २००० साली झेड/ओएस, असा सरळ वंश आहे. युनिक्सचा मूळ शक १९६९, बेल प्रयोगशाळेतला. १९९१ च्या लिनक्सने युनिक्सची आज्ञावली न घेता तिचे आचारविचार तेवढे घेतले. रक्ताचा संबंध नाही, तरी कुळाचार तोच : दत्तकच म्हणावयाचा. २००८ पासून मोबाइलवर आलेल्या अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. तेव्हा नातवंडांच्या हातातला फोनही याच दत्तक शाखेचा.

विंडोजची गंमत निराळीच. आडनाव एक, गोत्रे दोन. ९५, ९८ आणि २००० सालचे एमई ही डॉसच्या वंशातली. तो वंश तेथेच खुंटला. १९९३ चे एनटी दुसऱ्या कुळाचे. डिजिटल कंपनीत व्हीएमएस रचणाऱ्यांपैकी डेव्हिड कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि त्यांच्या हाताखाली एनटी घडले. पुढचे एक्सपी त्याचेच अपत्य. ९८ काढून घरी एक्सपी घालणाऱ्याला वाटले, नवी आवृत्ती आली. वास्तविक घराणेच बदलले होते.

वंश लावला म्हणजे पिढीचा प्रश्न सुटतोच असे नाही. दत्तकाची पिढी कोठून मोजावी, यावर वाद होईल. तो कुलवृत्तान्तांतही होतो. पण नाती तरी खरी लागतात. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणक व्हीएमएसवर चालत, आणि निरनिराळ्या शहरांची आरक्षणे जोडणारी ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ साली प्रथम सुरू झाली ती आपल्या सिकंदराबादेत. तेथून तिकीट घेऊन घरी परतलेल्या आणि एक्सपीच्या संगणकासमोर बसलेल्या गृहस्थाने एका दिवसात एकाच कुळाच्या दोन शाखांशी व्यवहार केलेला असे.