एक पुस्तक आणि अकरा नकला

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला नातू बेंगळुरूहून आला तो पाठीवरच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊनच. गुळगुळीत कागद, पानापानावर राक्षस, जादूगार आणि तलवारवाले. आरती झाल्यावर मी सहज किंमत विचारली. "चार हजारांच्या आसपास पडलं, आजोबा. अशी आणखी दोन घ्यायची आहेत."

मी म्हटले, "तुम्ही पाच जण खेळता म्हणतोस. पाचांनी पाच घेतली?"

"नाही ओ आजोबा, एकच. वर्गणी काढली. बाकीचे आपापल्या पात्रापुरतं वहीत उतरवून घेतात."

मला हसू आले ते त्याला कळले नाही. ते त्याला आणि आपल्या मंडळाच्या वाचकांना कळावे म्हणून हा लेख.

त्या खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राने आता काय बोलावे, काय करावे हे आयत्या वेळी ठरवतात. फासे पडतील तसे नशीब. पुस्तकात असतात ते नियम, पात्रांचे गुणदोष, राक्षसांची बलाबले. संवाद नसतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो बाजारात आणला, तेव्हा तीन लहान पुस्तिकांच्या पेटीची किंमत दहा डॉलर होती. डॉलर त्या वेळी आठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ऐंशी-एक रुपये. आज तीन मुख्य पुस्तकांपैकी एकेकाची किंमत पन्नास डॉलर आहे. अमेरिकेतली महागाई धरली तर १९७४ चे दहा डॉलर म्हणजे आजचे साठ-पासष्ट. तिथल्या पोरांना पूर्वीच्या मानाने अडीचपट पडते म्हणायचे. आपल्याकडच्या पोराला मात्र पुस्तकाची वाढ आणि डॉलरची वाढ अशी दुहेरी भरावी लागते.

आता आपल्या बाजूला येऊ. एक जण गोष्ट चालवणार आणि बाकीचे आयत्या वेळी बोलणार, हा प्रकार आपल्याला नवा नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, ते असेच होते. मूळ प्रेरणा कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तो पाहून भाव्यांना मराठीत तसे काही करायला सांगितले. आधी गणपती नाचत यायचा, मग सरस्वती. सूत्रधार पदे म्हणत आख्यान पुढे न्यायचा, आणि देव-राक्षस आपापली भाषणे रंगमंचावरच जुळवायचे. लोकांनी या नाटकांना 'तागडथोम' असे गमतीचे नाव ठेवले. छापील पुस्तक नव्हतेच. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' निघाला तो १८८५ साली, आणि त्यातही पदेच आहेत. भाषणे हवेत विरली. अशा नाटकाला पुस्तकाच्या महागाईची काय भीती!

१८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने या तरुणाने 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले आणि शिकलेल्या मंडळींची नाटके सुरू झाली. त्यांना नावच पडले 'बुकिश' नाटके. नटाने स्वतःचे बोलायचे नाही, पुस्तकातले बोलायचे. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणे आणि पुस्तक यांची सांगड घातली. अण्णासाहेब आपले, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात नोकरी करताना त्यांनी हौशी मंडळी जमवून नाटके बसवली होती. १८८० चे 'संगीत शाकुंतल' पुण्यात झाले आणि १८८२ साली 'सौभद्र' आले. या नाटकांच्या मागोमाग थिएटरच्या दारात काही आण्यांना पदांची पुस्तके विकली जाऊ लागली. नाटकाच्या पुस्तकाचा धंदा म्हणतात तो इथून.

पण नाटकाचे पुस्तक नाटक कंपनीला एकच पुरते. त्यावरून प्रत्येक नटासाठी त्याच्या वाक्यांची वेगळी प्रत हाताने उतरवायची. तिला नक्कल म्हणत. नकलेत आपली वाक्ये पुरी, आणि आधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. तेवढ्यावर नट उभा राहायचा. कंपन्या गेल्या तरी ही पद्धत आपल्या खेड्यापाड्यांत टिकली.

मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा, १९६६ साली, निपाणीजवळच्या आमच्या गावात गणपतीसमोर एक ऐतिहासिक नाटक बसले. आमच्या भागात औंधकरांच्या 'आग्र्याहून सुटका' आणि 'बेबंदशाही'चे फार वेड होते. आमचेही त्याच घराण्यातले, पण कमी पात्रांचे. त्या वर्षीची वर्गणीची वही माझ्याकडे आहे. पुस्तक अडीच रुपये. पोशाख व पडद्याचे भाडे ऐंशी. पेटी-तबला पंचवीस. गॅसबत्त्या बारा. पुस्तक कोल्हापूरहून एस.टी.च्या ड्रायव्हरकरवी मागवले होते. माझे अक्षर बरे म्हणून नकला उतरवायचे काम माझ्याकडे आले. तंबाखूच्या वखारीतल्या ओसरीवर कंदिलाजवळ बसून मी आठ रात्रींत अकरा नकला लिहिल्या. खाकरा यायचा, डोळे चुरचुरायचे. वखारीत बसलेला माणूस तंबाखू न ओढताच तंबाखूबाज होतो.

त्या अकरा जणांपैकी चौघांची शाळा चौथीतच सुटली होती. एकाला तर अक्षरओळखही जेमतेम होती. त्याला मी वाचून दाखवायचो आणि तो माझ्यामागून म्हणायचा. औरंगजेबाचे काम करणारा हमाल होता. तो पोती उचलताना नक्कल पुटपुटायचा. पुढे कित्येक वर्षे तो 'तथापि' आणि 'तद्वत' असे शब्द रोजच्या बोलण्यात वापरी. माझ्यापुरते सांगायचे तर जोडाक्षरे, विरामचिन्हे, लांब वाक्य कुठे मोडायचे हे मला शाळेपेक्षा त्या आठ रात्रींनी जास्त शिकवले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपण एका राज्यातून दुसऱ्यात गेलो. नाटक बसले त्याच वर्षी महाजन आयोग नेमला गेला. मोठी माणसे त्याच्या बातम्या वाचत होती. आमच्या गावात मात्र मराठी रोज मोठ्याने म्हटली जात होती ती त्या नकलांतून.

पुस्तकाच्या पहिल्या पानांवर बारीक टाइपात एक सूचना होती. प्रयोगाआधी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी, मानधन पाठवावे. नकला उतरवताना मी ती वाचली आणि तालीम मास्तरांना विचारले, "मास्तर, हे पाठवायचं का?" मास्तर म्हणाले, "त्या लेखकाला निपाणीतलं काय कळतंय लेका? तू लिही." वहीत पोशाखाचे ऐंशी आहेत, लेखकाचे शून्य. पुढची वीस वर्षे मी स्वतः मंडळाचा खजिनदार होतो. त्या वीस वर्षांतही ते शून्यच राहिले. ही कबुली छापील स्वरूपात प्रथमच देतो आहे.

आता किमतीचे. तालमीच्या जागी हल्ली नेहमी ऐकू येते की नाटकाचे पुस्तक परवडत नाही. अडीच रुपयांचे पुस्तक आज दोनशे-अडीचशेला आहे, शंभरपट. त्याला कारणे आहेत. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले. १९७३-७४ साली तेलाच्या भडक्याबरोबर कागदाची टंचाई झाली आणि प्रकाशक मेटाकुटीला आले. २०१७ पासूनच्या जीएसटीत छापील पुस्तकावर कर नाही, पण कागदावर आणि छपाईच्या कामावर आहे. पुस्तकावर करच नसल्याने प्रकाशकाने मागे भरलेला कर त्याला वळता करून मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. २०२१-२२ मध्ये कागद पुन्हा भडकला.

तरीही मजुरीशी ताडून पाहा. १९६६ ला आमच्या शिवारात गड्याची दिवसाची मजुरी दोन रुपये होती, बाईमाणसाची सव्वा. म्हणजे नाटकाचे पुस्तक ही गड्याची सव्वा दिवसाची आणि बाईची दोन दिवसांची कमाई. आज गड्याला पाचशे मिळतात; पुस्तक अर्ध्या दिवसात येते. हिशेबाने ते स्वस्त झाले आहे. मग महाग का वाटते? मला वाटते, ते घेणारे कमी झाले म्हणून. तेव्हा आमच्या पंचक्रोशीत गणपतीत आणि जत्रेत मिळून गावोगाव नाटके उभी राहत. प्रत्येक मंडळाने एकच प्रत घेतली तरी प्रकाशकाची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हलायची. आता दहा गावांत एखादे नाटक होते. तेही पुस्तकाची एक प्रत आणून झेरॉक्सवर काढतात, कारण शंभर पानांची झेरॉक्स पुस्तकाच्या निम्म्यात होते. प्रकाशक कमी छापतो, किंमत वाढवतो, की झेरॉक्सला आणखी जोर येतो. आम्ही हाताने नकला काढून तेच केले होते, हे खरे. पण त्यात निदान आठ रात्री जात होत्या.

झेरॉक्सचे आणखी एक आहे. ती कोणी लिहीत नाही. नटाच्या हातात अख्खे नाटक येते आणि तो त्यातली आपली वाक्ये पिवळ्या शाईने रंगवतो. पाठांतर व्हायचे तसे होते, हातातून मात्र काही जात नाही.

हौशी मंडळांना कमी खर्चाचा, सरळ मार्गही आहे, तो फारसा कोणी विचारात घेत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. देवल १९१६ ला गेले, गडकरी १९१९ ला, खाडिलकर १९४८ ला. यांची नाटके आता कुणीही छापावी, करावी, उतरवावी. अत्रे १९६९ ला गेले; त्यांच्यासाठी २०२९ अखेरपर्यंत थांबायचे. थांबवत नसेल तर परवानगी मागायची. हल्ली ती फोनवर मिळते. बहुतेक वारसांना खेड्यात नाटक होते आहे याचाच आनंद होतो, मानधन ते पुष्कळदा कमी करून देतात.

नातवाला मी हे सगळे त्याच रात्री सांगितले. त्याने वर्गणीची वही पाहिली, गॅसबत्त्यांचे बारा रुपये वाचून हसला. मग त्याने माझ्यासमोर त्याच्या खेळातली वही उघडली. पात्राचे नाव, बळ, चिलखत, सगळे इंग्रजीत. खेळताना मात्र ते मराठी, कन्नड, इंग्रजी मिसळून बोलतात म्हणाला. त्यांच्यात गोष्ट चालवणारा धारवाडचा आहे आणि राक्षसाचा आवाज तो कन्नडमध्ये काढतो. भागवत मंडळी पुन्हा सांगलीला आली म्हणायची!

यंदा आमच्या गावच्या पोरांनी एकांकिका धरली आहे. सात पात्रे. या वेळी पुस्तकाच्या तीन प्रती घेतल्या आणि लेखकाला मानधन पाठवले. वर्गणीच्या वहीत तो आकडा मीच लिहिला. नकला ज्याच्या त्याने हाताने उतरवायच्या असे ठरले, तेव्हा पोरांनी थोडी कुरकुर केली. परवा तालमीला गेलो होतो. सावकाराचे काम करणारा मुलगा नववीत आहे, कन्नड शाळेत जातो. त्याची वाक्ये चोख, 'च' आणि 'ज' जिथल्या तिथे. मी त्याची वही मागून पाहिली. सगळी मराठी वाक्ये, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याने कन्नड लिपीत लिहून घेतली होती. मला वाचता येईना, म्हणून त्यानेच मला वाचून दाखवली.