महासच्चक सुत्तातील उपोषित देह

लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात असलेली, सिक्री येथे सापडलेली उपोषित सिद्धार्थाची गांधार मूर्ती सर्वपरिचित आहे. वजन झटपट उतरविण्यासाठी निराहार राहणारे कोणी कोणी तिचा दाखला देतात, म्हणून हे टिपण आम्ही लिहीत आहोत.

मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात ही अवस्था बोधिसत्त्व स्वतःच सांगतात. मूग, कुळीथ, वाटाणा यांचे पसापसाभर कढण (पालीतील ‘पसत’ म्हणजे आपला पसाच) घेऊन राहिल्यावर पोटाची कातडी पाठीच्या कण्यास लागली. देहधर्मास उठताना तोल जाऊन ते पडत. अंगावरून हात फिरविताच कुजल्या मुळांचे केस गळत. ही कविकल्पना नव्हे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले आणि भोवळ, केस गळणे, कमालीचा अशक्तपणा हीच लक्षणे दिसली. अन्न एकाएकी तोडले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हृदयाचासुद्धा. पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो.

दीर्घ उपोषण सोडतानाचा धोका तर अधिकच. कृश देहात एकदम भरपूर अन्न गेल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते, हृदयाची लय बिघडते, प्रसंगी मृत्यू ओढवतो.

सुत्तात बोधिसत्त्व भात व कुल्माष घेतात. सुजातेची खीर उत्तरकालीन निदानकथेत येते. त्यांनी अन्न घेतलेले पाहून पाचही सहकारी मात्र त्यांना सोडून निघून गेले.