प्रचारतंत्राची चिकित्सा

प्रचारतंत्राची चिकित्सा म्हणजे जाहिरात, भाषण, बातमी किंवा संदेश यांतून मत वळवण्यासाठी कोणत्या युक्त्या योजल्या आहेत हे ओळखणे आणि त्या बाजूला सारल्यावर मूळ विधानाला किती आधार उरतो हे तपासणे. यातील दुसरी पायरी अनेकदा विसरली जाते. युक्ती सापडली म्हणून विधान खोटे ठरत नाही. सत्यही प्रचारकी थाटात मांडले जाऊ शकते.

संज्ञा

मराठीत ‘प्रचार’ हा शब्द मुळात निर्दोष आहे. निवडणुकीचा प्रचार असतो, तसा ग्रंथांचाही. हेतू वाईट असल्यास ‘अपप्रचार’ म्हणतात. ‘प्रचारकी’ हे विशेषण मात्र साहित्यसमीक्षेत बहुधा उणेपणाच दाखवते. इंग्रजीतील ‘प्रोपगंडा’ हा शब्द पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्थापलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून आला. त्याला आजचा वाईट अर्थ प्रामुख्याने पहिल्या महायुद्धानंतर चिकटला. जर्मनीत सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढणारा कारखाना आहे, अशी बातमी १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापली. बातमीच्या मुळाशी असलेला जर्मन शब्द सामान्यतः जनावराच्या मृतदेहासाठी वापरला जातो. तो माणसाच्या प्रेताला लावण्यात आला. १९२५ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी या आरोपाला आधार नसल्याचे संसदेत मान्य केले. तोवर युद्ध संपून सात वर्षे झाली होती.

शब्दाचा अर्थ असा फिरवणे न्यायशास्त्राला परिचित आहे. तेथे त्याला ‘वाक्छल’ म्हणतात. त्याचे परंपरेने दिले जाणारे उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे आहे: बोलणारा म्हणतो, या मुलाजवळ नवे कांबळे आहे, प्रतिपक्षी विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? सत्यशोधनासाठी केलेला ‘वाद’ आणि केवळ जिंकण्यासाठी केलेला ‘जल्प’ हा भेदही याच शास्त्रातला आहे. मराठीत आज ‘वाद’ म्हणजे भांडण, हा अर्थाचा दुर्दैवी प्रवास म्हणावा लागेल.

सात युक्त्या

युक्त्यांना नावे देण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील क्लाइड मिलर यांनी उद्योजक एडवर्ड फाइलीन यांच्या अर्थसाहाय्याने १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’ ही संस्था काढली. तिने सात युक्त्या सांगितल्या. प्रतिपक्षावर बदनामीचा शिक्का मारणे. ‘राष्ट्र’, ‘स्वातंत्र्य’ यांसारख्या भारदस्त शब्दांखाली अर्थ झाकणे. ध्वज किंवा देवता यांच्याविषयीचा आदर आपल्या मालाकडे वळवणे. नामवंतांची साक्ष काढणे. ‘मी तुमच्यातलाच’ असे भासवणे. सोयीचे तेवढेच पुढे करणे. आणि ‘सगळे निघाले, तुम्हीच मागे राहिलात’ असे सांगणे. संस्थेने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात फादर चार्ल्स कॉफलिन यांच्या नभोवाणीवरील भाषणांची छाननी होती आणि कोणत्या वाक्यात कोणती युक्ती आहे हे छोट्या चिन्हांनी दाखवले होते. वर्गात वृत्तपत्राचे कात्रण घेऊन हा प्रयोग आजही करता येतो.

सोयीचे तेवढेच

सातांपैकी सहावी युक्ती ओळखायला सर्वांत कठीण आहे, कारण तिच्यात जे दिसते त्यात दोष नसतो. दोष गाळलेल्या भागात असतो. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्कविषयक गटापुढे ‘नायिरा’ या नावाने पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने साक्ष दिली: इराकी सैनिकांनी रुग्णालयातील इन्क्युबेटरमधून अर्भके काढून जमिनीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ही कथा वारंवार सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमती दिली, तेव्हा काही सदस्यांनी तिचा दाखला दिला होता. मुलगी अमेरिकेतील कुवेती राजदूतांची कन्या आहे आणि साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी आहे, हे जाहीरपणे उघड झाले जानेवारी १९९२ मध्ये. युद्धानंतरच्या चौकशांत कथेला पुष्टी मिळाली नाही. तो गट काँग्रेसची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे साक्ष शपथेवर नव्हती. ‘ही कोण आणि हिला येथे कोणी आणले’ हा साधा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

तुकडा कापलेली चित्रफीत

गाळण्याची हीच युक्ती २०१८ मध्ये भारतात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या एका चित्रफितीत दिसते. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत होते. ती मूळची कराचीतील बालसुरक्षेच्या मोहिमेची होती. शेवटी मूल परत आणून पालकांना सावध करणारा फलक दाखवला जातो. तो शेवट कापून टाकला होता. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशा अफवांनी अनेक राज्यांत माणसे मारली गेली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेकरी म्हणून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

अशा संदेशात युक्ती शोधण्यापेक्षा उगम शोधणे अधिक उपयोगी असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली होती. पहिले दोन गट समोरचे संकेतस्थळच बारकाईने वाचत राहिले आणि आकर्षक मांडणीला फसले. तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून, त्यामागे कोण आहे याविषयी इतर काय म्हणतात ते पाहत. बारकाईने वाचा असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या शिक्षकांना हा निष्कर्ष थोडा बोचणारा आहे.

मर्यादा

सात युक्त्यांच्या पद्धतीवर मुख्य आक्षेप असा, की ती चांगल्या आणि वाईट प्रचाराला एकाच मापाने मोजते आणि विद्यार्थ्याला कशावरच विश्वास न ठेवण्याची सवय लावते. आक्षेपात तथ्य आहे. सर्वच खोटे मानणे हे सर्वच खरे मानण्याइतकेच सोपे असते. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर, युद्धकाळात सर्व बाजूंच्या प्रचाराचे तटस्थ विश्लेषण गैरसमजाला कारण होईल असे सांगून संस्थेने १९४२ मध्ये आपले काम थांबवले.