'हरकत राखून भरले': भरलेला कर परत मागण्याचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर रुक्ष वाटेल. घरपट्टीची किंवा पूर्वीच्या जकातीची पावती, आणि तिच्यावर भरणाऱ्याने लिहिलेला एक शेरा: 'हरकत राखून भरले'. बाजारपेठेत याला सरळ 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात. या शेऱ्याला वजन किती? पैसे एकदा पालिकेच्या तिजोरीत गेले की परत येतात का? आपण आज हा इतिहास पाहणार आहोत, आणि त्यासाठी आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या थोडं बाहेर, आधी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आणि मग विदर्भात जाणार आहोत.

नगरची पालिका १८५४ ची, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या पालिकांपैकी एक. अशा पालिका चालायच्या त्या मुख्यतः जकात आणि घरपट्टीवर. दिवाबत्ती, पाणी, झाडलोट, सगळं त्यातूनच. म्हणून कायदा करणाऱ्यांनी सुरुवातीपासून एक धोरण ठेवलं: आधी भरा, मग भांडा. प्रत्येकाने भांडण मिटेपर्यंत पैसे अडवले तर गावचा गाडा थांबेल, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याच्या पोटातच दुसरा प्रश्न आहे. आधी भरायला लावलं आणि कर बेकायदा निघाला, तर परत द्यायला नको का?

उत्तर मिळतं ते १८७२ च्या करार कायद्यात. त्याचं कलम ७२ म्हणतं की चुकीने किंवा जबरदस्तीने दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. एवढंच. पण 'जबरदस्ती' कशाला म्हणायचं? १९१३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की इथे हा शब्द संकुचित अर्थाने घ्यायचा नाही. जप्ती सोडवण्यासाठी हरकत नोंदवून भरलेले पैसेही त्यात येतात. आणि 'चूक' म्हणजे? कायद्याच्या अर्थाबद्दलची चूकही चूकच, असं १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आणि १९५८ मध्ये बनारसच्या एका विक्रीकर प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे बघा, हक्क काही शेऱ्यातून जन्माला येत नाही. शेरा हा पुरावा असतो, की भरणाऱ्याने हे खुशीने दिलेलं नाही.

आता बार्शी. तिथल्या लोकमान्य मिल्सचा बार्शी बरो म्युनिसिपालिटीशी वाद झाला घरपट्टीवरून. घरपट्टी ठरते वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ती इमारत भाड्याने दिली तर वाजवी भाडं किती येईल यावर. पालिकेने गिरण्या-कारखान्यांसाठी वेगळा नियम केला: मजल्यांचं क्षेत्रफळ मोजायचं आणि दर शंभर चौरस फुटांना ठरलेल्या दराने आकारणी करायची. हिशोबाला सोपं. पण इमारत जुनी की नवी, भाडं खरोखर किती येईल, हे विचारायची सोयच उरली नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: करदात्याचा मूल्यांकनाला हरकत घेण्याचा हक्कच अशा सरसकट दराने नाहीसा होतो. हरकत ऐकून घेणं हा आकारणीचाच भाग आहे.

विदर्भातल्या धामणगावचं प्रकरण आणखी मोलाचं. कापूस पिंजून गाठी बांधण्याच्या धंद्यावर तिथली पालिका कर घेत होती. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे धंद्यावरच्या कराला तेव्हा वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार झाली. भारत कला भांडार या कंपनीकडून मर्यादेपेक्षा जास्त वसूल झालं, आणि कंपनीने जास्तीची रक्कम परत मागितली. पालिकेचं म्हणणं, आमच्या कायद्यात दिवाणी दाव्याला बंदी आहे. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी. सार असं: जी वसुली घटनेनेच मना केली आहे, ती 'कायद्याखालची आकारणी' होऊ शकत नाही. मग त्या कायद्यातल्या बंदीची ढालही पालिकेला मिळत नाही. दावा चालतो.

इथवर ऐकून वाटेल, करदाता जिंकला. पण गोष्ट इथे संपत नाही. पालिका हरली की विधिमंडळ नवा कायदा करून जुनी वसुली मागील तारखेपासून वैध करू शकतं. गुजरातने १९६३ मध्ये तसं केलं, आणि भडोचच्या पृथ्वी कॉटन मिल्सच्या प्रकरणात १९६९ ला ते टिकलं. कारण मूळ कायद्यातला दोषच दुरुस्त केला होता. मात्र पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या प्रकरणात न्यायालयाने मर्यादा आखली. दोष तसाच ठेवून 'निकाल काहीही असो, पैसे परत देऊ नका' एवढंच म्हणणारा कायदा चालणार नाही. निकाल पुसायचा अधिकार विधिमंडळाला नाही.

आणखी एक अवघड प्रश्न: कर खरा भरला कुणी? घरपट्टी बहुधा मालकाच्या खिशातून जाते. जकात मात्र व्यापारी मालाच्या किमतीत घालायचा. ती परत मिळाली तर गिऱ्हाइकाला पोचायची का? नाही पोचायची. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये मफतलाल प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की बोजा दुसऱ्यावर ढकललेला नाही, हे परतावा मागणाऱ्याने दाखवलं पाहिजे. ते प्रकरण अबकारी कराचं. पण तत्त्व स्थानिक करांनाही लागू पडतं. फुकटचा फायदा पालिकेलाही नको आणि व्यापाऱ्यालाही नको.

आज आपल्याकडे काय? नगरला २००३ पासून महापालिका आहे. करयोग्य मूल्यावर आधी आयुक्तांकडे हरकत, मग कलम ४०६ खाली न्यायाधीशाकडे अपील, तेही थोड्या दिवसांच्या मुदतीत आणि मागणीची रक्कम जमा करून. 'आधी भरा' हा जुना नियम तसाच जिवंत आहे. ग्रामपंचायतीच्या आकारणीवर अपील जातं पंचायत समितीकडे. पण ही वाट मुदतीत धरली नाही, तर नुसत्या शेऱ्याचा उपयोग फार थोडा. दिवाणी दाव्यालाही सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मर्यादा असते, आणि पालिका कायद्यांतल्या नोटिशीच्या अटी वेगळ्या.

बार्शी आणि धामणगावला लढले ते गिरणीवाले आणि कंपन्या. वकील लावून दिल्लीपर्यंत जाणं त्यांना परवडलं. दोन खोल्यांच्या घराच्या मालकाला ते परवडत नाही. तरीही त्या निकालांचा लाभ त्यालाही आहे, कारण आकारणीची नोटीस, हरकतीची मुदत आणि सुनावणी या गोष्टी पालिकेला आज टाळता येत नाहीत. तेव्हा नोटीस आली की ती बाजूला टाकू नका. हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि पावती जपून ठेवा.