निरुपद्रवी जंतूचा उपद्रव

१९५६ च्या नोव्हेंबरात धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि पुढच्याच वर्षी, सप्तापूरपासून सहासात कोसांवर, हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय उघडले. ज्या बालकाचे मस्तक आत साचलेल्या पाण्याने फुगत जाई, त्याच्या मातापित्यांना देण्याजोगा आशेचा शब्द त्या सुमारास वैद्यकाला नुकताच सापडला होता.

तो सापडला फिलाडेल्फियात, १९५६ साली. जॉन हॉल्टर हा कुलुपांच्या कारखान्यातील तंत्रज्ञ. त्याचा मुलगा केसी याच जलशीर्ष विकाराने आजारी होता. शल्यवैद्य यूजीन स्पिट्झ यांची अडचण जाणून घेऊन त्याने सिलिकोन रबराची एकमार्गी झडप घडविली. मेंदूतील पाणी तिच्यातून उतरून गळ्यातील शिरेवाटे हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाई. रक्त मात्र उलट वर चढत नसे.

मूल वाचले, असे वाटू लागे. परंतु काहींना आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप येई, रक्त कमी होई, प्लीहा वाढे. तपासणीत बहुधा आढळे तो पांढरा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे तुमच्याआमच्या कातडीवर निमूटपणे राहणारा जंतू! शस्त्रक्रियेच्या वेळीच तो नळीत शिरलेला असे. पिंपरीत १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले होते. जंतूंचे राज्य आता संपले, अशी त्या काळाची भावना होती. येथे मात्र प्रतिजैविकाने ताप उतरे आणि औषध थांबताच पुन्हा चढे.

याचे कारण १९७२ साली इंग्लंडात रॉजर बेस्टन व त्यांच्या सहकाऱ्याने पुढे आणले. हे जंतू नळीला एक बुळबुळीत लेप धरतात. त्याच्या आड दडलेल्या जंतूंपर्यंत औषधाची मात्रा चालत नाही.

तेव्हा उपाय उरला तो कठोर. ज्या नळीने मूल जगले, तीच काढून टाकावयाची. तोवर मेंदूतील पाणी दुसऱ्या तात्पुरत्या नळीने बाहेरच्या पिशवीत सोडावयाचे, व्हँकोमायसिनसारखे औषध द्यावयाचे, कधी तर थेट मेंदूच्या पोकळीत. आणि पाणी निर्जंतुक ठरल्यावर नवी नळी बसवावयाची. एका चिमुकल्या जिवावर पुन्हा दोन शस्त्रक्रिया! नळीचे खालचे टोक पुढे हृदयाऐवजी उदरपोकळीत सोडण्याचा प्रघात पडला, तरी या क्रमातून सुटका झाली नाही.

पुढे बेस्टन यांनीच नळीच्या सिलिकोनमध्ये प्रतिजैविके मुरविण्याची युक्ती काढली. ब्रिटन व आयर्लंडमधील १६०५ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. साध्या नळ्यांत जंतुसंसर्ग शेकडा ६, औषध मुरविलेल्या नळ्यांत शेकडा २. चांदीयुक्त नळ्यांचा आकडा मात्र ६ वरच राहिला.